गाडीविषयी विचारा : डीईएफचा दिवा का लागतो?

या महिन्यात आलेली बहुतेक पत्रं निळ्या झाकणाच्या, म्हणजे डीईएफच्या (डिझेलचा धूर साफ करणाऱ्या द्रावाच्या) टाकीबद्दल आहेत. कुणाची गाडी घाटात दम सोडते, कुणाच्या हातात वर्कशॉपने भलंमोठं अंदाजपत्रक ठेवलंय, कुणाचा मुलगा अमेरिकेत मोटरहोम (राहायची सोय असलेली गाडी) घेऊन रस्त्यात अडकलाय. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलले आणि सगळी जागा डीईएफला दिली.

ज्यांना हे प्रकरण नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ हे गाड्यांच्या धुराचं मानक लागू झालं आणि मोठ्या डिझेल गाड्यांना डिझेलच्या टाकीशेजारी दुसरी, लहान टाकी आली. आधीच्या काही बीएस-४ ट्रकांवरही ती होतीच. तिच्यात डीईएफ भरायचं : ३२.५ टक्के अतिशुद्ध युरिया आणि बाकी क्षार काढून टाकलेलं पाणी. ड्रायव्हर लोक नुसतं 'युरिया' म्हणतात, 'अ‍ॅडब्लू' मागितलं तरी हेच मिळतं. ते इंजिनात जात नाही. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुरावर त्याचा बारीक फवारा मारला जातो, उष्णतेने त्याचा अमोनिया होतो, आणि पुढे एससीआर कॅटलिस्टमध्ये (धुराच्या पाइपातल्या, धूर शुद्ध करणाऱ्या भागात) हा अमोनिया धुरातल्या नायट्रोजन ऑक्साइडांचा साधा नायट्रोजन आणि वाफ करून टाकतो. देवास नाक्यावर, जिथे मी रोज काम करते, रस्त्याच्या कडेला शाळेची पोरं उभी असतात. त्यांच्या छातीत काय जाणार, हे या छोट्या टाकीवर ठरतं. त्यामुळे हा विषय मला नुसता दुरुस्तीचा वाटत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकते. डीईएफच्या तक्रारी आल्या की लोक सेन्सरला शिव्या देतात. सेन्सर बिघडतात, नाही असं नाही. पण आमच्या आवारात येणाऱ्या गाड्यांमध्ये खोड बहुतेक वेळा बादलीपासून सुरू झालेली असते : काय भरलं, कशातून भरलं, कुणी भरलं.

प्रश्न : ताई, आमचे तीन बीएस-६ ट्रक इंदूर-मुंबई चालतात. एका ओळखीच्या माणसाकडून सुटं डीईएफ घेतो, बाजारापेक्षा बरंच स्वस्त पडतं. रिफ्रॅक्टोमीटर (द्रावातलं प्रमाण दाखवणारं उपकरण) लावून बघितलं, रेघ बरोबर ३२.५ वर. तरी एका गाडीला डीईएफच्या क्वालिटीचा फॉल्ट येतो आणि ताकद कमी होते. वर्कशॉपवाले कॅटलिस्ट बदला म्हणतात. माल बरोबर असताना हे कसं? (एक वाहतूकदार, देवास नाका, इंदूर)

उत्तर : दादा, रिफ्रॅक्टोमीटर खोटं बोललेलं नाही, पण तुम्ही त्याला जे विचारलं तेवढंच त्याने सांगितलं. पाण्यात किती विरघळलंय हे तो सांगतो. काय विरघळलंय हे त्याला कळत नाही. शेतीचा युरिया बोअरच्या पाण्यात मापाने घोळला तरी रेघ ३२.५ वरच येते.

आणि फरक नेमका तिथेच आहे. डीईएफचं मानक आहे आयएसओ २२२४१. त्यात युरिया ३१.८ ते ३३.२ टक्के असायला हवा, हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्याच मानकात पुढे बारीक अक्षरात जे आहे तेच कॅटलिस्टला वाचवतं. कॅल्शियम एका किलोत अर्ध्या मिलिग्रॅमच्या वर नको. सोडियम, पोटॅशियम, फॉस्फेट, लोह, प्रत्येकाला तीच मर्यादा. तांबं आणि जस्त तर ०.२ मिलिग्रॅमच्या आत. आता तुलना करा : आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात एका लिटरमध्ये ७५ मिलिग्रॅमपर्यंत कॅल्शियम चालतं. म्हणजे माणसाला पिण्यालायक असलेलं चांगलं पाणीसुद्धा डीईएफच्या हिशेबाने दीडशे पट घाण. नळाला नर्मदेचं पाणी आलं काय नि बोअरचं आलं काय, या कामाला दोन्ही नाहीत. घरचं आरओचं पाणीही नाही.

युरियाचंही तसंच. २०१५ पासून आपल्याकडे शेतीच्या सगळ्या युरियाला कडुलिंबाच्या तेलाचा लेप असतो. पिकासाठी ते उत्तम आहे, युरिया जमिनीत हळूहळू सुटतो. पण तेच तेल डीईएफच्या टाकीत तवंग धरतं. शिवाय त्यात बाययुरेट नावाचा पदार्थ दीड टक्क्यापर्यंत चालतो. पाण्यात घोळल्यावरही तो अर्ध्या टक्क्याच्या आसपास राहू शकतो, आणि डीईएफमध्ये त्याची मर्यादा ०.३ टक्के आहे. बाययुरेट धुराच्या पाइपात जाऊन दगडासारखा बसतो.

अशा मालावर चाललेल्या एका गाडीचा डीईएफ फिल्टर आम्ही उघडला होता. नवा फिल्टर पांढराशुभ्र असतो. याच्या घड्यांमध्ये चहाच्या रंगाचा थर बसला होता, खाली जाड आणि वर पातळ. बोटाने चोळला तर वाळूसारखा कचकचला आणि बोट तेलकट झालं. नाकाजवळ नेलं तर सरळ लिंबोळीचा वास. इंजेक्टर काढला तेव्हा टोकाची भोकं दिसतच नव्हती, पिवळट गाठ चढली होती. मालकाला मी काही सांगायच्या आधी त्यांनी स्वतःच वास घेतला आणि गप्प उभे राहिले.

अजून एक गोष्ट स्पष्ट लिहिते. शेतकऱ्याच्या नावावर अनुदानात आलेला युरिया कारखान्याकडे किंवा डीईएफ बनवायला वळवणं हा खत नियंत्रण आदेश, १९८५ खाली गुन्हा आहे. पेरणीच्या दिवसांत गोणीसाठी रांगेत उभ्या राहणाऱ्या माणसाच्या वाट्याचा तो माल आहे. एवढं स्वस्त कसं परवडतं, हे ओळखीच्या माणसाला विचारून बघा.

आता तुमच्या गाडीचं. कॅटलिस्टचं नाव शेवटी घ्या. आधी टाकी पूर्ण रिकामी करा, बाहेर काढून क्षारविरहित पाण्याने धुवा, नळाच्या पाण्याने नाही. तळातली आणि तोंडातली जाळी बघा, फिल्टर बदला, इंजेक्टर काढून टोक बघा. मग सीलबंद, तारखेचं, ज्याच्याबरोबर तपासणीचा अहवाल मिळतो असं डीईएफ भरा. अहवालात नुसतं युरियाचं प्रमाण बघू नका, बाययुरेट आणि कॅल्शियमच्या ओळी शोधा. त्या ओळी नसतील तर तो अहवाल तुमच्या कामाचा नाही. यानंतर गाडीत माल भरून एक फेरी मारा, कारण गाडीतल्या संगणकाला आपलं मत बदलायला रस्त्यावरचा भार लागतो, आवारात रेस देऊन दिवा जात नाही. एवढं करूनही फॉल्ट राहिला तर एक्झॉस्टला गळती आहे का बघा आणि कॅटलिस्टच्या आधीचा नि नंतरचा असे दोन्ही नॉक्स (नायट्रोजन ऑक्साइड मोजणारे) सेन्सर तपासा. मागचा सेन्सर चुकीचं वाचत असेल तरी गाडी दोष डीईएफलाच देते. सगळं ठीक निघालं तरच कॅटलिस्ट. सोडियम-पोटॅशियमने मारलेला कॅटलिस्ट धुऊन-तापवून परत येत नाही, हेही खरं. बाकीच्या दोन गाड्यांच्या टाक्या फॉल्ट यायची वाट न बघता आजच उतरवा.

प्रश्न : मी टँकर चालवतो. ढाब्यावर थांबलो की चावी काढून लगेच बॅटरीचा मेन स्विच बंद करतो, मालकांनीच तसं सांगितलंय, शॉर्टसर्किटची भीती असते. हेल्पर म्हणतो याने युरियाचा इंजेक्टर जाम होतो. खरं का? (एक ड्रायव्हर, वडोदरा)

उत्तर : हेल्पर बरोबर बोलतोय, त्याला शाबासकी द्या. तुमचे मालकही चुकीचं सांगत नाहीत, फक्त मधे थोडी वाट बघायला हवी.

चावी बंद केल्यावर कान देऊन ऐका. गाडी थंड पडत चाललेली असते आणि टाकीच्या बाजूने बारीक घरघर येत राहते. तो डीईएफचा पंप. पुष्कळ गाड्यांत तो उलटा फिरून नळीतलं आणि इंजेक्टरमधलं डीईएफ परत टाकीत ओढून घेतो. कमीजास्त मिनिट-दोन मिनिटं लागतात, नेमका वेळ गाडीच्या पुस्तकात असतो, काही गाड्यांत त्यासाठी वेगळा दिवाही आहे. हे चालू असतानाच मेन स्विच पाडला तर पंप जागच्या जागी मरतो. इंजेक्टरमधलं डीईएफ तिथेच अडकतं, पाइप तर तापलेला असतोच. पाणी उडून जातं, युरियाचे पांढरे खडे उरतात. पुढच्या थांब्यावर त्यावर अजून एक थर. महिन्याभराने इंजेक्टर जाम, आणि मग सगळे म्हणतात की बीएस-६ गाड्याच नाजूक.

तुमच्यासाठी क्रम असा ठेवा. सेंधव्याचा बिजासन घाट किंवा मानपूरचा घाट चढून आलात तर उतरायच्या आधी दोन-तीन मिनिटं इंजिन संथ चालू द्या, टर्बोलाही ते लागतंच. मग चावी बंद. टायर ठोकून बघा, दोर तपासा, हातपाय धुवा. घरघर थांबली की मेन स्विच. मालकांना हे पत्र वाचून दाखवा, वेळ लागतो म्हणून कुणी रागावणार नाही.

इंजेक्टरच्या बाहेर किंवा कनेक्टरवर पांढरी पूड दिसली तर स्क्रू-ड्रायव्हरने खरवडू नका. स्वच्छ कोमट पाण्यात कापड भिजवून धरून ठेवा, खडे विरघळतात. पण कनेक्टरच्या आत पूड असेल तर तो वर्कशॉपला दाखवाच. डीईएफ तारेच्या आतून, तांब्याच्या धाग्यांमधून सरकत लांबवर जातं आणि तांबं खातं. फॉल्ट मग भलत्याच जागी दिसतो.

प्रश्न : आमच्या क्लीनरने रात्री अंधारात डीईएफच्या टाकीत पाच-सात लिटर डिझेल ओतलं. चावी लावलेली नाही, गाडी उभीच आहे. आता काय? (पीथमपूरला माल नेणारे एक मालक)

उत्तर : चावी लावली नाहीत, इथेच तुमचे पैसे वाचलेत. तशीच उभी राहू द्या. चावी फिरवली की पंप दाब धरायला लागतो, म्हणून 'फक्त लेव्हल बघतो' असंही कुणाला करू देऊ नका.

डिझेल डीईएफपेक्षा हलकं, ते वर तरंगतं. ओढणारी नळी तळाशी असते. म्हणजे या घडीला डिझेल बहुतेक टाकीतच आहे, नळीत गेलेलं नाही. टाकी उतरवून पूर्ण रिकामी करा, आतून धुवा, तेलकटपणा अजिबात राहू नये, आणि शेवटचं धुणं क्षारविरहित पाण्याचं. झाकणाचं रबर आणि सेन्सरची सीलं बदललेली बरी, कारण डीईएफसाठी वापरलेलं रबर डिझेलने फुगतं. गाडी चालली असती तर पंप, फिल्टर, नळ्या, इंजेक्टर सगळंच बदलावं लागलं असतं.

उलटा प्रकारही घडतो, डिझेलच्या टाकीत डीईएफ. तो जास्त वाईट. तिथे डीईएफ जड म्हणून तळाशी जातं आणि थेट डिझेलच्या नळीच्या तोंडाशी बसतं. तिथेही तोच नियम, चावीला हात नाही.

क्लीनरला ओरडून उपयोग नाही. निळ्या झाकणाला कुलूप घाला आणि चावी ड्रायव्हरकडे द्या. डीईएफचं नरसाळं वेगळं ठेवा, झाकणाच्या डब्यात, बाकी कशालाही ते लावायचं नाही. डिझेलचं नरसाळं पुसून घेतलं तरी चालत नाही. पत्र्याचं किंवा पितळी नरसाळंही नको. प्लॅस्टिक किंवा स्टेनलेस स्टील, एवढंच डीईएफला चालतं, कारण लोखंड, पितळ, जस्ताचा मुलामा हे सगळं ते खातं आणि खाल्लेलं स्वतःबरोबर कॅटलिस्टपर्यंत नेतं. डीईएफची रिकामी बादली घरी धुण्याला न्यायला माझी हरकत नाही, घरची बादली मात्र डीईएफला आणू नका. आणि दिवा लागला म्हणून ढाब्यावरचं पाणी टाकीत घालून लेव्हल वाढवणारे जे महाभाग आहेत, त्यांच्या गाड्यांचं पहिल्या प्रश्नात वाचलंत तेच होतं.

प्रश्न : आम्ही दोघं निवृत्त आहोत. मोठ्या व्हॅनवर घर बांधून घेतलंय, झोपायला, स्वयंपाकाला, सगळं. हिवाळ्यात फिरतो, एप्रिल ते सप्टेंबर गाडी दारात उभी असते. यंदा गाडी काढली आणि शंभर किलोमीटरवर डीईएफचा दिवा. टाकी अर्धी भरलेली होती. उभ्या गाडीचं डीईएफ खराब होतं का? आणि मार्चमध्ये लडाखला जायचंय, तिथे ते गोठेल का? (लष्कर, ग्वाल्हेर)

उत्तर : काका-काकू, प्रवासाला मनापासून शुभेच्छा. डीईएफ खराब होतं, आणि ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात तर लवकर. मानकातच आयुष्य दिलंय : सतत १० अंशांच्या आत ठेवलं तर ३६ महिने, २५ पर्यंत १८, ३० पर्यंत १२, आणि ३५ पर्यंत फक्त ६ महिने. त्याच्या वर गेलं तर महिने मोजायचे नाहीत, वापरण्याआधी तपासायचं. तुमच्याकडे मे-जूनमध्ये पारा ४५ च्या आसपास जातो आणि दारातल्या गाडीची टाकी उन्हात त्याहूनही तापत असणार. युरिया हळूहळू फुटून अमोनिया होतो (झाकण उघडलं की नाकात झोंबतो तोच), आणि टाकीच्या हवेच्या वाटेने पाणी उडून जातं. अर्ध्या टाकीत मोकळी जागा जास्त, म्हणून सेन्सरच्या उघड्या भागावर खडे धरतात. ट्रकची टाकी आठ-दहा दिवसांत नवी होते, म्हणून ट्रकवाल्यांना हे कळत नाही. मोटरहोमचा खरा शत्रू उभं राहणं आहे.

महिना-दीड महिना उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा. पूर्ण उन्हाळा उभी राहणार असेल तरी भरलेलीच ठेवा, पण सप्टेंबरमध्ये निघण्याआधी रिफ्रॅक्टोमीटरने प्रमाण बघा आणि शंका आली की सगळं काढून ताजं भरा. दहा-पंधरा लिटर डीईएफ फेकायला जीव होत नाही, मला माहीत आहे. सेन्सरच्या जोडणीची किंमत ऐकलीत की होईल. टाकीच्या बाजूला सावली पडेल अशी गाडी लावा. मधूनमधून अर्धा-पाऊण तास रस्त्यावर चालवा, नुसती चालू करून उभी ठेवू नका. धूर २०० अंशांच्या वर तापल्याशिवाय हे सगळं नीट चालतच नाही. थंड पाइपात फवारा बसला की तो भिंतीला चिकटतो. रात्री एसीसाठी इंजिन तासन्‌तास चालू ठेवायची सवय असेल तर तीही सोडा, छावणीच्या जागेवर वीज घ्या किंवा मोठी बॅटरी बसवा. जादाचं डीईएफ लहान सीलबंद कॅनमध्ये न्या, निघतानाच घ्या, तारीख बघून. मागच्या खिडकीत, उन्हात ठेवू नका.

लडाखची काळजी करू नका. डीईएफ उणे ११ अंशांना गोठतं, ३२.५ टक्के हे प्रमाण ठरवलंच आहे अशासाठी की त्यापेक्षा कमी-जास्त केलं तर ते आणखी लवकर गोठतं. मार्चमध्ये लेहच्या रात्री तिथवर जाऊ शकतात. गोठलं तरी खराब होत नाही. टाकीत गरम करायची सोय असते, इंजिन चालू झाल्यावर ते वितळतं आणि तोवर गाडी चालू राहते. गोठताना ते सुमारे ७ टक्के फुगतं, म्हणून थंडीत काठोकाठ भरू नका, आणि मेन स्विचबद्दल वडोदऱ्याच्या ड्रायव्हरना लिहिलेलं तिथे दुप्पट महत्त्वाचं, नळीत राहिलेलं डीईएफ गोठून नळी फोडू शकतं. ढाब्यावर कुणी रॉकेल, स्पिरिट किंवा कूलंट घाला म्हणेल. हात जोडून नाही म्हणा.

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेत सहकुटुंब मोटरहोम घेऊन फिरायला गेला होता. टाकी भरलेली असून डीईएफचा दिवा लागला आणि गाडी इतक्या मैलांनंतर ताशी ५ मैलांवर येईल अशी सूचना आली. बरोबर लहान मुलं. आपल्याकडेही असंच होतं का? त्याला काय सांगू? (एक आई, दांडिया बाजार, वडोदरा)

उत्तर : तुमची काळजी अगदी समजते. ५ मैल म्हणजे ताशी ८ किलोमीटर, महामार्गावर मुलांसह तसं रांगणं धोक्याचंच आहे. हा बिघाड नसतो, नियमाने बसवलेली सक्ती असते : डीईएफ संपलं, खराब निघालं किंवा यंत्रणा बंद केली तर गाडीने आधी इशारा द्यावा, मग ताकद काढावी, मग रांगावं. आपलं बीएस-६ युरोपच्या युरो-६ वर बेतलेलं आहे, त्यात शेवटची पायरी ताशी २० किलोमीटरची आहे.

हेतू मला मान्य आहे. पण सेन्सर बिघडला आणि डीईएफ उत्तम असलं तरी शिक्षा तीच, हे मला कधीच पटलेलं नाही. अमेरिकेत यावर खूप ओरड झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये तिथल्या पर्यावरण संस्थेने, ईपीएने, कंपन्यांना जुन्या गाड्यांचं सॉफ्टवेअर बदलायला सांगितलं, म्हणजे चालकाला दुरुस्तीला पुरेसा वेळ मिळेल आणि ताकद एकदम जाणार नाही. म्हणून मुलाला पहिली गोष्ट ही सांगा : इंजिन बनवणाऱ्या कंपनीकडे त्याच्या गाडीसाठी नवं सॉफ्टवेअर आलंय का, ते विचारून घालून घे.

दुसरी. अनेक टाक्यांत लेव्हल, तापमान आणि क्वालिटी या तिन्हींचे सेन्सर एकाच दांड्यावर असतात, त्यातला एक गेला की पूर्ण जोड बदलावी लागते. पण बदलण्याआधी साध्या गोष्टी बघाव्यात. क्वालिटीचा सेन्सर पुष्कळदा द्रवातून ध्वनिलहर पाठवून तिचा वेग मोजतो. घाईघाईने भरताना बुडबुडे झाले की तो गोंधळतो, थोडा वेळ उभी ठेवून परत चालू केली की शांत होतो. कनेक्टरमध्ये पांढरी पूड आहे का बघावं. आणि डीईएफ गर्दीच्या ट्रक-पंपावरच्या नोझलमधून घ्यावं, तिथे माल रोज हलतो. दुकानाच्या फळीवरचा कॅन किती महिने तिथे बसलाय, ते तारीख वाचल्याशिवाय कळत नाही. लांबच्या सहलीआधी दोन-तीन दिवस जवळपास फिरवून बघायला सांगा, म्हणजे दिवा लागायचा तर घराजवळ लागेल.

प्रश्न : एक जण छोटा डबा लावून देतो, मग डीईएफ लागतच नाही आणि दिवाही येत नाही. लावावा का? (नाव दिलेलं नाही)

उत्तर : नाही. तो डबा संगणकाला खोटे सिग्नल देतो आणि गाडी कॅटलिस्ट असूनही कच्चा धूर सोडत जाते. मोटर वाहन कायद्याच्या कलम १८२अ खाली गाडीत असा फेरफार करणाऱ्या मालकाला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. यंत्राचंही भलं होत नाही : पंप बंद, नळीत वाळलेलं डीईएफ, इंजेक्टर धुरात कोरडा भाजतोय. डबा काढायची वेळ येईल तेव्हा सगळंच बदलावं लागतं. अशा गाड्या आमच्या आवारात आल्या तर डबा काढल्याशिवाय आम्ही दुसऱ्या कामाला हात लावत नाही.

प्रश्न : किती डिझेलला किती डीईएफ लागायला हवं? आणि झाकणाभोवती पांढरं साचतं ते बिघाडाचं लक्षण का? (दोन पत्रांतले प्रश्न एकत्र, इंदूर)

उत्तर : झाकणाभोवतीचं पांढरं म्हणजे सांडलेलं डीईएफ वाळलंय, ओल्या फडक्याने पुसा. रंगावर राहू देऊ नका, रंग जातो. भरण्याआधी मात्र झाकणाभोवतीची धूळ पुसल्याशिवाय ते उघडू नका, आणि तोंडातली जाळी भरायला वेळ लागतो म्हणून काढून फेकू नका.

प्रमाणाचं म्हणाल तर भरलेल्या मोठ्या ट्रकला १०० लिटर डिझेलमागे साधारण ४ ते ६ लिटर. घाट आणि जास्त वजन असेल तर वरच्या बाजूला, रिकामी फेरी असेल तर खालच्या. मी प्रत्येक गाडीत एक वही ठेवायला लावते, डिझेल भरलं की त्याच पानावर डीईएफही लिहायचं. पुष्कळ मालक डीईएफ कमी लागलं की खूश होतात. तेव्हाच बघायला हवं, कारण कमी लागतंय म्हणजे फवारा नीट बसत नाहीये. अचानक वाढलं तर नळीला गळती किंवा कुणी बादली विकतंय, दोन्ही शक्यता तपासा. तुमच्या गाडीचा स्वतःचा आकडा दोन महिन्यांत वहीवरून कळेल. तो कारण नसताना निम्म्यावर आला तर दिव्याची वाट न बघता फिल्टर आणि इंजेक्टर उघडून बघा.